बुजवलेला कालवा आणि आमचा पाट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलाकडे नेदरलँड्सला गेलो असताना उट्रेख्त शहरातला ‘आउडेग्राख्त’, म्हणजे जुना कालवा, मुद्दाम पायी फिरून पाहिला. ११२२ मध्ये ऱ्हाइनचा प्रवाह वरच्या अंगाला बांध घालून अडवला गेला, तेव्हा होड्यांची वाट तुटू नये म्हणून जी खोदाई झाली, तिच्यातून हा कालवा घडत गेला. रस्ता वर आणि पाणी खाली, अशी त्याची रचना आहे. नावेतला माल थेट आत नेता यावा म्हणून वरच्या घरांची तळघरे रस्त्याखालून पाण्यालगतच्या धक्क्यापर्यंत वाढवलेली आहेत. आता त्यांत खाणावळी चालतात. मी बसलो होतो तिथल्या विटा ओलीने काळवंडल्या होत्या आणि पाणी हातभर अंतरावर होते. (कॉफीच्या पैशांत आमच्याकडे दोघांचे जेवण झाले असते.)

पण हे पत्र लिहायला बसवले ते त्याच शहराच्या खंदकाने. जुन्या शहराला वळसा घालणाऱ्या या खंदकाचा एक भाग १९७० च्या दशकात आटवून मोटारींसाठी रुंद रस्ता केला होता. २००२ मध्ये नागरिकांनी मतदानातून पाण्याच्या बाजूने कौल दिला, रस्ता उखडला गेला आणि २०२० मध्ये तो वळसा पुन्हा पाण्याने सलग भरला. मी गेलो त्या दिवशी तिथे दोन पोरे होडी वल्हवत होती.

आमच्या पांझरा नदीकाठी दगडी बंधाऱ्यांवरून पाट काढून शिवार भिजवणारी फड पद्धत काही शतके चालत आली आहे. एका फडात, म्हणजे शिवाराच्या एका भागात, सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाण्याची पाळी पाटकऱ्याने सांभाळायची आणि हंगामाआधी गाळ काढायला घरटी एक माणूस द्यायचा, हे माझ्या लहानपणी कोणाला सांगावे लागत नसे; जो येत नसे त्याचे नाव संध्याकाळी पारावर निघे. आज गावठाणाजवळ तोच पाट मुरूम टाकून बुजवला आहे, वर टपऱ्या उभ्या आहेत आणि पावसाळ्यात पाणी वाट शोधत लोकांच्या अंगणात शिरते.

फडांचे जुने पाट मोजून गावनकाशावर दाखवावेत आणि तोवर त्यांवरचा भराव थांबवावा, एवढीच संबंधितांना विनंती आहे. आमचा बंधारा अजून शाबूत आहे. गाळ काढायचे ठरले, तर माझ्या घरचा माणूस पहिल्या दिवशी हजर असेल.

– एक शेतकरी वाचक, ता. साक्री, जि. धुळे