केनिया सहल : लशींबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. यलो फीवरची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी. नाहीतर परतल्यावर विमानतळावरूनच ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात जावे लागू शकते. ही लस नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रात आधी नाव नोंदवून, मूळ पासपोर्ट घेऊन जावे. लस घेतल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे पिवळे कार्ड, आयुष्यभर चालते, तेव्हा पूर्वी आफ्रिकेला जाऊन आलेल्यांनी आधी कपाट धुंडाळावे. साठी उलटलेल्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लस घेऊ नये.

टायफॉइड व हिपॅटायटिस ए ऐच्छिक, पण बाहेरचे दिसेल ते खाणाऱ्यांनी (कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे!) घ्याव्यातच. मलेरियासाठी गोळ्या, त्याही डॉक्टरांनी दिलेल्या.

कार्डाचा फोटो रविवारपर्यंत सहल समितीकडे पाठवावा.