चौकटीबाहेरचे शहर

महोदय,

तीस वर्षे मी भूगोल शिकवला. गिझाचे पिरॅमिड म्हणजे चहूकडे वाळवंट आणि मधोमध तीन त्रिकोण, हेच चित्र वर्गात दाखवत आले. निवृत्तीनंतर प्रत्यक्ष गेले. स्फिंक्सकडे पाठ करून वळले, तर समोर इमारतींची दाटी. शहर अगदी कुंपणापाशी आलेले. फसवल्यासारखे वाटले. साडेचार हजार वर्षांच्या त्या दगडांपुढे उभी राहून मी मनातल्या मनात पर्यटन कंपनीच्या माहितीपत्रकातल्या छायाचित्राशी भांडत होते, याचे मला आजही वाईट वाटते.

छायाचित्र खोटे नव्हते. कॅमेरा कुठे रोखायचा, एवढेच कुणीतरी ठरवले होते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली ‘मोनालिसा’ जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरची. पोस्टरवर ती भिंतभर पाहिलेले लोक हिरमुसतात, यात चित्राचा काय दोष?

थायलंडच्या माया बेचे तर याहून वाईट झाले. २००० सालच्या एका चित्रपटाने ही खाडी निर्जन नंदनवन म्हणून जगभर पोहोचवली. ती निर्जनता शोधत रोज हजारो माणसे आली, प्रवाळ मोडले आणि २०१८ मध्ये किनारा बंद करावा लागला. २०२२ मध्ये तो उघडला, तेव्हा बोटींना खाडीत मज्जाव होता.

पर्यटन कंपन्यांनी प्रत्येक स्थळाचे एक तरी छायाचित्र ऐन गर्दीच्या वेळचे छापावे. डागडुजी चालू असेल तर तेही सांगावे. आपल्या पर्यटन पुरवणीनेच सुरुवात केली तर?

– एक निवृत्त शिक्षिका