‘रेमी’ म्हणून आलेले केस धुतल्यावर जटा झाल्याबद्दल

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: २२ इंची क्लिप-इन हेअर एक्स्टेन्शनचे दोन्ही संच सदोष निघाल्याबद्दल, आणि धुण्याच्या चुकीच्या सूचनांबद्दल लेखी तक्रार

महोदय,

सांगली जिल्ह्यात, विट्याला माझं लहानसं ब्युटी पार्लर आहे. कामाला मी एकटी; लग्नसराईत मदतीला भाची येते तेवढीच. नवरीची केशरचना हे माझं मुख्य काम. हल्ली मुलींचे स्वतःचे केस खांद्याला टेकतील न टेकतील इतकेच असतात, पण फोटोत मात्र कमरेपर्यंत वेणी नाहीतर गजऱ्यांनी भरलेला मोठा अंबाडा हवा असतो. त्यात वावगं काही नाही. नऊवारीवर खोपा घालायचा तर गंगावन लावायचं, हे आमच्याकडे पूर्वीपासून चालत आलंय. सांगायचा मुद्दा इतकाच, की खोटे केस लावणं, काढणं, धुणं, सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. या मालाबद्दल आधी तक्रार केली, तेव्हा तुमच्या चॅटवरच्या ताईंनी मला कंगवा कसा धरावा याचा व्हिडिओ पाठवला होता. तो पुन्हा पाठवू नये, ही विनंती.

तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी मी तुमच्या संकेतस्थळावरून क्लिप-इनचे, म्हणजे क्लिपांनी डोक्याला अडकवायच्या केसांच्या पट्ट्यांचे, दोन संच मागवले. एकाची किंमत १३,८०० रुपये, म्हणजे दोन्हींचे मिळून २७,६०० रुपये. पैसे आगाऊ भरले. जाहिरातीत आणि खोक्यावरही लिहिलं होतं: ‘१०० टक्के मानवी, रेमी केस, १६० ग्रॅम, नीट काळजी घेतल्यास वर्षभर टिकतात.’ रेमी या शब्दासाठीच मी ही किंमत मोजली. रेमी म्हणजे कापल्यापासून पट्टीवर शिवेपर्यंत मुळं एका बाजूला आणि शेंडे दुसऱ्या बाजूला राखलेले केस. केसावर बारीक खवले असतात, ते मुळाकडून शेंड्याकडे एकाच दिशेने बसलेले असतात. सगळ्या केसांची दिशा एक असली की ते एकमेकांवरून सरकतात. उलटसुलट मिसळले तर खवल्यात खवला अडकतो आणि गुंता होतो. हे तुम्हाला मी सांगायची गरज नसावी, पण आतापर्यंतची तुमची उत्तरं वाचून सांगावंसं वाटलं.

घरगुती वापरात क्लिप-इन पुष्कळ वेळा घालून झाल्यावर एकदा धुतलं तरी भागतं, कारण टाळूचं तेल त्याला लागत नाही. नवरीच्या कामात तसं चालत नाही. हेअरस्प्रे, जेल, अक्षता, हळद, घाम, सगळं त्यात बसतं. आणि एकीच्या डोक्यावरचं न धुता दुसरीच्या डोक्याला लावणं मला पटत नाही. त्यामुळे माझ्याकडचा प्रत्येक संच दर लग्नानंतर धुतला जातो.

पहिला संच मी तुमच्या खोक्यातल्या कागदाप्रमाणे धुतला, कारण ‘सूचनांचे पालन न केल्यास हमी लागू नाही’ असं त्याच कागदावर बारीक अक्षरात आहे. कागद फक्त इंग्रजीत. त्यात म्हटलंय, कोमट पाण्यात शॅम्पू मिसळून संच अर्धा तास भिजत ठेवा, हलक्या हाताने चोळा, मुळापासून शेंड्यापर्यंत कंडिशनर लावा, आणि ओले असतानाच वरून खाली विंचरा. ही एकेक ओळ ज्याने लिहिली त्याने एक्स्टेन्शन कधी हातात धरलं असेल असं वाटत नाही. लांब केस पाण्यात सुटे सोडून चोळले की चांगले केससुद्धा गुंततात. पट्टी मुठीत धरून, पाणी वरून खाली सोडून, बोटांनी फक्त खालच्या दिशेला शॅम्पू फिरवायचा असतो. ओला केस ताणला की सहज तुटतो, म्हणून तो आधी टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपायचं, पिळायचा नाही. मग मोठ्या दातांच्या कंगव्याने शेंड्यापासून सुरुवात करायची, थोडं थोडं वर सरकत जायचं, आणि दुसऱ्या हाताने पट्टीजवळ घट्ट धरून ठेवायचं, म्हणजे ओढ शिलाईवर येत नाही. कागदात शॅम्पू कुठला हे नाही. सल्फेट म्हणजे फेस आणणारं कडक रसायन नसलेला घ्यावा, एवढं लिहायला किती शाई लागते? शिवलेली पट्टी आतून ओली राहते, ती पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात घालू नये, नाहीतर कुबट वास धरते, हेही नाही. तुमच्या संकेतस्थळावर पाहिलं तर टेप-इनसाठीही, म्हणजे क्लिपांऐवजी चिकटवून लावायच्या केसांसाठीही, हाच कागद जोडलाय. टेप-इनच्या चिकटपट्टीवर कंडिशनर किंवा तेल गेलं की पट्टी सुटते, हे माझी भाचीसुद्धा सांगते, आणि ती अजून बारावीला आहे.

तर या कागदाप्रमाणे धुतलेला पहिला संच वाळल्यावर हाताला काथ्यासारखा लागला. चकाकी गेली. खालचा अर्धा भाग एकमेकांत असा गुंतला, की सोडवताना कंगव्यात केसांचे पुंजकेच्या पुंजके आले.

दुसरा संच मी तुमच्या कागदाकडे न बघता, माझ्या नेहमीच्या पद्धतीने धुतला. सल्फेट नसलेला शॅम्पू, गार पाणी, कंडिशनर फक्त मधल्या भागापासून शेंड्यांपर्यंत, पंख्याखाली पट्टीला चिमटे लावून टांगून वाळवला, ड्रायर नाही, स्ट्रेटनर नाही. हा पहिल्यापेक्षा थोडा जास्त टिकला, इतकाच फरक. पहिल्या धुण्यानंतर बरा दिसत होता, म्हणून तो मी एका नवरीला लावला. सकाळी वेणी घातली तेव्हा ठीक होतं. दुपारी मंडपात उन्हाचा आणि घामाचा मारा, मानेवर शेल्याची आणि हारांची घासाघीस. संध्याकाळी रिसेप्शनसाठी वेणी सोडून केस मोकळे करायचे ठरले होते, तर मानेजवळ जटा झालेल्या. मुंडावळ्यांचा दोरा त्यात अडकलेला. तो कात्रीने कापावा लागला. जटेबरोबर त्या मुलीचे स्वतःचे केसही ओढले जात होते, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी मोकळ्या केसांचा बेत सोडून अंबाडा घातला. तिच्या आईने मला एक शब्द बोलून दाखवला नाही, पण ठरलेल्या रकमेतून पैसे मी आपणहून कमी घेतले. ते पैसे मी तुमच्याकडे मागत नाही. तुम्हाला माल कसा निघाला ते कळावं म्हणून लिहिलं.

त्यानंतर मी दोन्ही संच नीट तपासले. केसांची बट दोन बोटांत धरून शेंड्याकडून मुळाकडे बोटं सरकवली, तर रेमी केस खडबडीत लागतो आणि उलट दिशेने गुळगुळीत. इथे दोन्ही दिशांना सारखंच अडतं. मग काही केस काढून जाळून पाहिले. माणसाचा केस जळाला की पिसं जळाल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरडता येईल अशी राख उरते. यातल्या बऱ्याच केसांचं तसं झालं, पण काही केस वितळून त्यांच्या टोकाला कडक काळा मणी तयार झाला. असा मणी कृत्रिम धाग्याचाच होतो. म्हणजे ‘१०० टक्के मानवी’ हेही खरं नाही. शेजारच्या सोनाराकडे न वापरलेल्या पट्ट्यांसकट एक संच तोलला. क्लिपा धरून १४१ ग्रॅम भरला. खोक्यावर १६० आहे. गळून गेलेल्या केसांचा हिशेब धरला तरी १९ ग्रॅमची तूट भरून निघत नाही. खोक्यावर केस कुठल्या देशातून आले ते छापलेलं नाही. माल आयात केलेला असेल, तर वेष्टनावर मूळ देशाचं नाव छापणं वजनमापे कायद्याच्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

माझा अंदाज स्पष्ट सांगते. तिरुमलाच्या कल्याणकट्ट्यावर भाविक मुंडन करतात, ते केस लांबीप्रमाणे वेगळे करून देवस्थान लिलावाने विकतं. असे एकत्र कापलेले, दिशा राखलेले केस महाग असतात आणि ते असायलाही हवेत. दुसरा माल म्हणजे गुंतवळ. आमच्या गल्लीत ‘केसांवर भांडी’ अशी हाळी देत बायका येतात, विंचरून निघालेल्या केसांचे गोळे घेऊन जातात आणि बदल्यात एखादी वाटी-चमचा देतात. असे गोळे गोळा होत होत कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी जातात, तिथे बायका तासन्‌तास बसून ते सोडवतात, लांबीप्रमाणे लावतात. त्यांच्या कष्टांना मी नावं ठेवत नाही. पण त्या केसांत मुळं-शेंडे उलटसुलट मिसळलेले असतात. मग कारखान्यात आम्लाने खवलेच काढून टाकतात आणि वर सिलिकॉनचा थर देतात. तो थर असेपर्यंत केस रेशमासारखा सरकतो. काही धुण्यांत थर गेला की खाली काय आहे ते दिसतं. असा माल ‘नॉन-रेमी’ म्हणून, निम्म्याहून कमी भावात विकला तर मीसुद्धा एखाद्या दिवसाच्या कामासाठी घेईन. पण तो रेमीच्या नावाने आणि रेमीच्या भावाने का विकलात?

आता तुमच्या उत्तरांबद्दल. पहिलं उत्तर आलं, की आमच्याकडचं बोअरचं पाणी जड आहे, त्यामुळे केस खराब झाले. पाणी जड आहे, मान्य. बादलीला पांढरी खपली धरते. पण दुसऱ्या एका दुकानातून आणलेला जुना संच मी याच पाण्याने, याच शॅम्पूने धुते आणि तो आजही वापरात आहे. शिवाय जड पाण्याने तुमचा माल खराब होत असेल, तर तसं कागदावर लिहायला हवं होतं. अर्ध्या महाराष्ट्रात बोअरचंच पाणी आहे. दुसरं उत्तर आलं, की नवरीने डोक्याला तेल लावलं असेल. पहिला संच कुणाच्या डोक्याला न लावता, खोक्यातून काढून थेट धुतला होता. त्याला कुणाचं तेल लागलं?

तिसरं उत्तर मात्र मला सगळ्यात जास्त खटकलं. ‘स्वच्छतेच्या कारणास्तव वापरलेले किंवा धुतलेले संच परत घेतले जात नाहीत. सील न उघडता ७ दिवसांत परत पाठवावेत.’ या वस्तूतला दोष दिसतो तो धुतल्यावरच. सिलिकॉनचा थर असताना खोक्यातल्या संचात काही वावगं दिसत नाही. म्हणजे दोष दिसला की परतीचा हक्क गेलेला असतो, आणि हक्क असतो तोवर दोष दिसत नाही. ही अट स्वच्छतेसाठी केलेली आहे असं मला वाटत नाही. तशी ती असती तर सदोष मालासाठी वेगळी सोय ठेवली असती.

मी पार्लर चालवते म्हणून ‘हा व्यापारी वापर आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असं पुढचं उत्तर येईल, म्हणून आधीच लिहिते. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मधलं कलम २(७) आणि त्याखालचं स्पष्टीकरण वाचावं. स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. मी त्यात बसते. त्याच अधिनियमात खोट्या वर्णनाने माल विकणं, दिशाभूल करणारी जाहिरात करणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं या गोष्टी येतात. आणि वापराच्या पुरेशा सूचना न देणं ही उत्पादकाच्या उत्तरदायित्वाची बाब आहे, हे कलम ८४ मध्ये आहे. इंटरनेटवरून विक्री करणाऱ्यांसाठी २०२० चे वेगळे नियम आहेत. तक्रार मिळाल्याची पोच तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. माझ्या आधीच्या तक्रारींना पोच म्हणून फक्त एक हसरा चेहरा आणि ‘प्रिय ग्राहक’ एवढंच आलं होतं.

माझ्या मागण्या अशा. दोन्ही संचांचे २७,६०० रुपये परत द्यावेत. बदली संच नको, कुपन तर अजिबात नको. संच परत न्यायला माणूस तुम्ही पाठवावा, कुरिअरचा खर्च मी करणार नाही. हे केस नेमके कुठून घेतले आणि रेमी म्हणायला आधार काय, ते लेखी कळवावं. आणि धुण्याच्या सूचनांचा कागद बदलावा. क्लिप-इनचा वेगळा, टेप-इनचा वेगळा, आणि महाराष्ट्रात माल विकता तर मराठीतही. या शेवटच्या मागणीसाठी माझी काही मदत हवी असेल तर मजकूर मी फुकट तपासून देईन, मनापासून सांगते.

हे पत्र मिळाल्यापासून महिन्याभरात पैसे जमा झाले नाहीत, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर म्हणजे १९१५ वर नोंद करून मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रार मी राहते त्या जिल्ह्यात करता येते आणि एवढ्या रकमेसाठी शुल्कही लागत नाही, याची चौकशी मी करून ठेवली आहे. दोन्ही संच मी मलमलच्या पिशवीत, जसे आहेत तसे ठेवलेत. तुमचा माणूस आला की त्याच्यासमोर एक बट धुऊन आणि एक जाळून दाखवीन.

कळावे.

आपली,
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक मूळ प्रतीत)

सोबत: बिलाची प्रत, जाहिरातीची आणि खोक्याची छायाचित्रे, सूचनांच्या कागदाची प्रत, दोन्ही संचांची धुण्यापूर्वीची व नंतरची छायाचित्रे, वजनाची सोनाराने लिहून दिलेली चिठ्ठी, चॅटवरच्या संभाषणाच्या प्रती.