पोत्याचा वास

प्रिय सुमे,

दिवाळीनंतर तुझे तीन फोन आले ते मी मुद्दाम उचलले नाहीत, हे आधीच कबूल करते. आवाजावरून तू लगेच ओळखलं असतंस. आम्ही बरे आहोत. ह्यांची कंबर आहे तशीच, सासूबाईंची साखर वाढलेली आणि डब्यातली संपलेली. हा विनोद त्यांचाच.

तर काल रात्री जेवताना पिंकीनं ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "आई, भाताला पोत्याचा वास येतोय."

सुमे, शब्द न् शब्द तोच. भातवाढणी हातात तशीच राहिली. आठवीत वडाच्या पारावर तुझ्या रेशनच्या भाताच्या डब्यात डोकावून मी हेच म्हणाले होते ना? तू आठ दिवस बोलली नव्हतीस. तू म्हणतेस नऊ; बरं, नऊ. माझ्या डब्यात शेतातला घनसाळ तांदूळ, झाकण उघडलं की पारभर वास. 2016 साली आजरा घनसाळाला जीआय, म्हणजे त्या भागाचं खास वाण म्हणून मानांकन, मिळालं तेव्हा मी तोऱ्यात तुला फोन केला, तर तू म्हणालीस, "तुझ्या नाकालाही घे एखादं." आणि गंमत बघ, साखर नि रॉकेल आमच्याकडेही रेशनचंच यायचं. पिशवी घेऊन रांगेत मीच उभी असायची. पण तांदूळ नाही ना आणला, मग आम्ही मोठे!

झालंय असं की गणपतीनंतर ह्यांच्या मालकानं निम्मे माग बंद केले. आठवड्याचा पगार निम्म्यावर आला. आपलं रेशनकार्ड केशरी, प्राधान्याचा शिक्का असलेलं. पाच माणसं, माणशी पाच किलो. पूर्वी तांदळाला तीन आणि गव्हाला दोन रुपये किलोमागे पडायचे, 2023 च्या जानेवारीपासून तेही नाहीत. आजवर आम्ही गहू ठेवायचो आणि तांदूळ मागच्या आक्कांच्या कोंबड्यांना जायचा. हसू नकोस. आता आक्का विचारतात, "यंदा तांदूळ नाही का मिळाला?" आणि मी खुशाल सांगते, "नाही हो, मशीन बंद होतं."

दहा किलो गहू, पंधरा किलो तांदूळ. गहू पंधरा तारखेच्या पुढे जात नाही, पोरांना डब्यात पोळीच हवी. म्हणजे उरलेला महिना तांदळाशी गाठ. डाळ, तेल तर विकतच. तूरडाळ आठवड्यातून दोनदाच, एरवी मसूर, नाहीतर हुलग्याचं माडगं. दर तिसऱ्या दिवशी आंबोळ्या: तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीदडाळ, चमचाभर मेथ्या. त्यात वास लपतो. फोडणीच्या भातात लसूण सढळ घातला तरी लपतो. भाजी रात्री साडेआठनंतर आणते, बाजार उठता उठता पालेभाजीवाल्या घासाघीस करत नाहीत. साध्या भाताला मात्र लपायला जागाच नाही गं. चार पाण्यांनी धुतला, दोन दिवस उन्हात घातला, उकळत्या पाण्यात लिंबू पिळलं. वास थोडा कमी होतो, जात नाही.

त्यात सासूबाईंची वेगळीच मोहीम. तांदूळ धुताना काही दाणे वर तरंगतात, जरा वेगळेच दिसतात. त्यांनी दोन संध्याकाळी बसून वाटीभर वेचले आणि 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून पुरावा ठेवला. मी समजावलं की ते तांदळाच्याच पिठाचे केलेले दाणे आहेत, त्यात लोह, फॉलिक ॲसिड नि बी-बारा घातलंय आणि शंभर दाण्यांत एक असा मिसळलाय. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "औषध असेल तर मग जेवणानंतर द्यावं." वाटी अजून देवळीत आहे. त्यांचा अंगठाही मशीनला लागत नाही. आयुष्यभर कांड्या भरल्या, रेषाच राहिल्या नाहीत बोटांवर. केवायसीच्या, म्हणजे ओळख पटवायच्या, वेळी दुकानात दोन चकरा झाल्या, तिसऱ्यांदा कसाबसा लागला तर म्हातारीनं अंगठ्याचा मुका घेतला. पाच किलो वाचले म्हणून!

पिंकीला मी काल रागावले नाही. रागवायला तोंडच नव्हतं. तिनं मग दही घालून अर्धा भात खाल्ला आणि उठली. रात्रभर मला तुझा तो डबा दिसत होता, पितळेचा, कडीला सुतळी बांधलेला. तू झाकण कसं लावलंस ते आठवतंय. खटकन् नाही, हळूच.

आणि अजून एक, जे मी तुला कधीच बोलले नाही. आपला अबोला मिटला त्या संध्याकाळी काकूंनी मला घरात बोलावून उकड वाढली होती. मी दोनदा मागून घेतली. पीठ कसल्या तांदळाचं होतं ते मला कळलंच नाही, आणि तू शेजारी बसून बघत होतीस, एक शब्द बोलली नाहीस. तुला त्या वेळी तिथल्या तिथे माझं नाक कापता आलं असतं. का नाही गं बोललीस?

दादानं दिवाळीला दोन किलो घनसाळ पाठवलाय. रोज मूठभर रेशनच्या तांदळात मिसळायचा विचार होता, मग वाटलं, आपण कुणाला फसवतोय? तो डब्यातच आहे.

तुझं काय? बदलीचं झालं का? चिरंजीवांचा निकाल लागला असेल, कळव. भावजींनी सिगारेट सोडली म्हणतात, मी विश्वास ठेवणार नाही.

काम एवढंच आहे: काकूंना विचार, त्या उकडीत ताक किती आंबट घ्यायच्या, आणि पीठ ताकात कालवून फोडणीत ओतायच्या की फोडणीत ताक उकळल्यावर वरून भुरभुरायच्या? परवा मी दुसरं केलं तर सगळ्या गुठळ्या. सासूबाई म्हणाल्या, "ह्या पण वेचू का?"

फोन कर. या वेळी उचलते.

तुझी,
नंदी