कासवमित्रांना नेमणूकपत्र द्या : वनमंत्र्यांना सोलापूरहून खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : कोकण किनाऱ्यावरील कासवमित्रांना हंगामापूर्वी लेखी नेमणूक, दरमहा मानधन आणि विमा मिळण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यांवर कासवांची घरटी राखणाऱ्या माणसांसाठी मी हे पत्र लिहिते आहे. मागणी आधीच सांगून टाकते. येत्या नोव्हेंबरात विणीचा हंगाम सुरू होईल, त्याआधी प्रत्येक कासवमित्राच्या हातात नेमणुकीचं पत्र पडावं, मानधन महिन्याच्या महिन्याला त्याच्या खात्यात जमा व्हावं आणि रात्री-पहाटेच्या कामासाठी त्याचा विमा उतरवलेला असावा.

कोकणातल्या कासवांची काळजी सोलापूरच्या बाईला का, असं आपल्या कार्यालयात कोणी विचारील. मी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे. शाळेतल्या मुलांना घेऊन सोलापूरजवळच्या नान्नजच्या, माळढोक पक्ष्याच्या माळावर जात आले. एक दुर्मीळ जीव डोळ्यांदेखत कसा नाहीसा होतो, हे आम्ही सोलापूरकरांनी पाहिलं आहे, म्हणून काळजी वाटते.

१९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मिळून माळढोक अभयारण्य झालं. क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. एवढ्या मोठ्या हद्दीत गावंच्या गावं आली, शेतं आली, वाड्या-वस्त्या आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले. माळढोक हे नाव शेतकऱ्याच्या कानी पडायचं ते बहुधा अडचण म्हणून. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण तोवर बराच उशीर झाला होता. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, नान्नजची द्राक्षं नावाजली, मोकळे माळ नांगराखाली गेले. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. कोरडवाहू माणसाला पाणी मिळालं तर तो पिकवणारच. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुतेक वेळा एकच अंडं घालते. त्या अंड्याला जागाच उरली नाही. आज नान्नजला एखादी मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी होते.

वन विभागाच्या रक्षकांनी आणि वनमजुरांनी त्या माळावर मनापासून काम केलं आहे. उन्हातान्हात फिरणारी ती माणसं मी जवळून पाहिली आहेत. पण माळाभोवतीच्या गावांना पक्ष्यामुळे काय मिळालं, याचा हिशेब मांडला तर निर्बंधांपलीकडे फार काही हाती लागत नाही. गाव पक्ष्याच्या बाजूला कधी आलंच नाही, आणि त्याला आणण्याचा पुरेसा प्रयत्नही झाला नाही.

कोकणात नेमकं याच्या उलट घडलं. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं. तोवर समुद्रकासवाची अंडी उकरून खाल्ली जायची, विकली जायची. संस्थेने गावातलीच माणसं हाताशी धरली. ज्यांना घरटं कुठे असतं हे वाळू पाहून कळत होतं, त्यांनाच राखणदार केलं. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला, पर्यटक गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले, पानावर उकडीचे मोदक आले, घरात चार पैसे आले. पुढे काम गावाकडे आणि वन विभागाकडे गेलं. आज आंजर्ले, गुहागर, गावखडी, हरिहरेश्वर, दिवेआगर, वायंगणी, तांबळडेग अशा कितीतरी किनाऱ्यांवर गावची माणसं घरटी राखतात. आपल्या खात्याचा कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठान त्यांच्या सोबत आहे. म्हणजे ज्या गोष्टीला आम्ही माळावर मुकलो, ती आपल्याला तिथे आयती मिळालेली आहे. ती टिकवणं आपल्या हातात आहे.

हे काम किती बारकाईचं असतं, ते मंत्रालयात बसून कळणं अवघड आहे. म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

ओडिशात गहिरमाथ्याला किंवा ऋषिकुल्येला ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवं हजारोंनी एकदम किनाऱ्यावर येतात. आपल्याकडे तसं होत नाही. नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान एखाद्या रात्री एखादी मादी येते, आज इथे, तर पुढच्या आठवड्यात मैलभर पलीकडे. त्यामुळे कासवमित्राला सगळा किनारा रोज तुडवावा लागतो, घरटं सापडो न सापडो. पहाटे उजाडायच्या आत तो निघतो. ओल्या वाळूतून वर गेलेला आणि परत पाण्याकडे आलेला माग दिसला, की तो थांबतो. लहान ट्रॅक्टरचं चाक फिरून गेल्यासारखा तो माग असतो. मादीने घरटं बुजवून वरून वाळू उडवलेली असते, त्यामुळे नेमकी जागा डोळ्यांना दिसत नाही. हाताने चाचपत, वाळू कुठे भुसभुशीत लागते ते बघत शोधावी लागते. तासाभरात कुत्री किंवा कोल्हे तिथे पोचू शकतात.

खाली साधारण दीड फूट खोल, वर अरुंद आणि तळाशी फुगीर असा खड्डा, आणि त्यात शंभरएक अंडी. जागा भरतीच्या टप्प्यात असेल किंवा राखता येण्यासारखी नसेल, तर अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच कुंपण घालून राखलेल्या जागेत न्यायची. तीही काही तासांच्या आत, आणि न गडगडवता, न हिसकवता. अंड्याच्या आत गर्भ एका बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर पिल्लू आतच मरतं. हॅचरीत तेवढ्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा हाताने खणायचा, मूळ घरट्यातली ओली वाळू सोबत आणायची, एकेक अंडं मोजून ठेवायचं, वर तारखेची आणि संख्येची पाटी लावायची. मग पंचेचाळीस ते साठ दिवस राखण. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली उपडी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. पिल्लं पाण्यात नेऊन सोडत नाहीत. पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूवर ठेवतात, म्हणजे ती स्वतःच्या पायांनी चालत जातात. शेवटी घरटं उकरून फुटलेली टरफलं आणि न उबलेली अंडी मोजून वहीत लिहायची. हे काम करणाऱ्यांतले अनेक जण दिवसा बागेत, होडीवर नाहीतर मजुरीवर असतात.

अशाच एका कासवमित्राशी मी किनाऱ्यावर बसून बोलले. त्याचं आणि त्याच्या गावाचं नाव लिहीत नाही. हंगाम संपून पाऊस तोंडावर आला होता, तरी त्याचं मानधन आलेलं नव्हतं. पैसे कुठे अडकले ते त्यालाही माहीत नव्हतं. टॉर्चचे सेल तो स्वतःच्या पैशाने आणत होता. वाळूवर गाडी घालणाऱ्या पर्यटकांना हटकलं तर ‘तू कोण सांगणारा?’ असं ऐकावं लागतं, असं तो म्हणाला. खिशात दाखवायला ओळखपत्र नव्हतं. तक्रारीचा सूर त्याच्या बोलण्यात नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. मुलगा मुंबईला नोकरीला गेला आहे, आपल्यानंतर या किनाऱ्यावर कोण फिरणार ते माहीत नाही, एवढंच तो शेवटी बोलला.

महोदय, ऑलिव्ह रिडले कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. वाघाच्या जंगलात गस्त घालणारा माणूस हजेरीपटावर असतो. कासवाच्या किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्याला आपण स्वयंसेवक म्हणतो, सत्काराला शाल-श्रीफळ देतो आणि पुढच्या हंगामापर्यंत विसरतो. स्वयंसेवा ही त्याची स्वतःची गोष्ट आहे. तो आज फुकट राबायला तयार आहे म्हणून शासनानेही ते गृहीत धरावं, हे बरोबर नाही. गावातली तरुण पोरं या कामात यावीत असं आपल्याला वाटत असेल, तर त्यांना या कामाचा भरवसा वाटला पाहिजे.

मच्छीमारांच्या बाबतीत आपल्याच शासनाने हे करून दाखवलं आहे. जाळ्यात सापडलेला संरक्षित जीव जाळं कापून सोडून दिला, तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत नुकसानभरपाई देण्याची योजना डिसेंबर २०१८ पासून आहे. फाटलेल्या जाळ्याची किंमत सरकारने मान्य केली, म्हणून कोळीबांधव कासव, देवमासा सोडून दिल्याचे व्हिडिओ स्वतः काढून पाठवतात. कासवमित्राच्या झोपेची, पायपिटीची किंमत मान्य करणं याहून अवघड नाही.

मानधनाबरोबर अधिकाराचाही थोडा विचार व्हावा. कासवाची पिल्लं अंधारात ज्या दिशेला जास्त उजेड दिसेल तिकडे जातात. निसर्गात तो उजेड समुद्राकडे असतो. आता तो रिसॉर्टच्या दिव्यांचा आणि मोबाईलच्या फ्लॅशचा असतो. विणीच्या पट्ट्यात रात्रीचे दिवे झाकण्याचा आणि वाळूवर वाहनं न आणण्याचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडून निघावा, आणि तो दाखवून पाळायला लावण्याचा हक्क ओळखपत्रासह कासवमित्राला मिळावा. तसंच धूपप्रतिबंधक बंधारे. समुद्र आत येतो, माड पडतात, लोक बंधारा मागतात. त्यांचं दुःख खोटं नाही. पण दगडी भिंत उभी राहिली की मादीला वर चढायला वाळू राहत नाही. कुठल्या पट्ट्यात दर वर्षी घरटी होतात, हे कासवमित्राच्या वहीत तारखेनिशी लिहिलेलं असतं. बंधाऱ्याचा प्रस्ताव मंजूर होण्याआधी ती वही कोणीतरी उघडून बघावी. ट्रॉलरच्या जाळ्यातून कासव निसटावं म्हणून बसवायच्या यंत्रणेचा विषयही तेवढाच मोठा आहे, पण मत्स्यव्यवसाय खातं वेगळं आहे, म्हणून तो इथे लांबवत नाही.

उन्हाबद्दल मात्र लिहायलाच हवं. ते आम्हा सोलापूरकरांना कोणी शिकवायला नको. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातल्या वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, आणि त्याहूनही तापली तर पिल्लं आतच दगावतात. फेब्रुवारी-मार्चमधल्या घरट्यांना हा धोका जास्त. हॅचरीवर शेडनेट, घरट्यात तापमापक आणि रोजची नोंद, एवढी साधी सोय प्रत्येक किनाऱ्यावर व्हावी. खर्च किरकोळ आहे, आणि नोंदी ठेवणारा माणूस तिथे आधीच उभा आहे.

या नोंदींचं मोल किती, त्याचं उदाहरण आपल्याला ठाऊक असेलच. २०२२ च्या जानेवारीत वेळासला ‘प्रथमा’ या मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला गेला, पश्चिम किनाऱ्यावरचा तो असा पहिला प्रयोग. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, या समजाला त्यामुळे धक्का बसला. उपग्रह ट्रान्समीटरचं काम भारतीय वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ करतात, त्यांचं कौतुक आहेच. पण कासव वर येताना दिसायला रात्री किनाऱ्यावर माणूस असावा लागतो, आणि तो गावचा असतो.

तेव्हा विनंती अशी, की कांदळवन कक्षाने सप्टेंबरअखेर किनारानिहाय कासवमित्रांची यादी करावी. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, म्हणजे कोणाचं नाव राहिलं ते गावच सांगेल. नेमणूकपत्रात मानधनाची रक्कम आणि जमा होण्याची तारीख स्पष्ट लिहावी. टॉर्च, रेनकोट, बूट, टोपल्या, शेडनेट हे साहित्य ऑक्टोबरात पोचावं. डिसेंबरात पोचलं तर पहिली घरटी होऊन गेलेली असतात. हंगामाबाहेरच्या महिन्यांत याच माणसांना किनारा स्वच्छतेचं, कांदळवन रोपवाटिकेचं काम मिळावं. आणि किनाऱ्यावरचे निर्णय ज्या बैठकीत होतात, तिथे दर तालुक्यातून एका कासवमित्राला बोलवावं.

जाता जाता नान्नजबद्दलही एक मागते. उरलेल्या गवताळ माळावर काळवीट आहेत, लांडगे आहेत, धाविक पक्षी आहे. त्यांच्यासाठी आसपासच्या गावांतल्या तरुणांना वेळासच्या धर्तीवर हाताशी धरता येईल का, याचा विचार आपल्या खात्याने करावा. गरज पडली तर वेळासच्या मंडळींना आम्ही सोलापूरला बोलवू. त्यांच्या जेवणाची आणि राहण्याची व्यवस्था आमच्याकडे.

उत्तर मला पाठवलं नाही तरी चालेल. ते मंडणगड, दापोली, गुहागर, श्रीवर्धन, देवगड आणि वेंगुर्ल्याच्या कासवमित्रांना नोव्हेंबरपूर्वी लेखी मिळावं.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
सोलापूर