नाल्याला पसरायला जागा ठेवा

महोदय,
लडाखमध्ये हिमनद्या आटू लागल्या, तेव्हा सोनम वांगचुक यांनी हिवाळ्यात वाया जाणारे पाणी बर्फाच्या स्तूपात, म्हणजे शंकूसारख्या उंच ढिगात, साठवले. ऐन पेरणीला, एप्रिल-मेमध्ये, ते वितळून शेतात येते. कणकुंबीत उगवणाऱ्या आपल्या मलप्रभा नदीला बर्फाचा आधार नाही; भिस्त पावसावर, आणि तो हल्ली एकदम कोसळतो. 2019 च्या ऑगस्टमधला पूर आठवा. आपल्या बेळगावचा बळ्ळारी नाला फुगला की शहापूर-वडगावच्या शिवारात पाणी तुंबते, भात कुजते, दुबार लावणी. (बियाणे काय फुकट मिळते?) काठाला काँक्रीटची भिंत बांधली तर पाणी पुढच्यांच्या शेतात जाणार. त्यापेक्षा गाळ-जलपर्णी पावसाआधी काढा आणि काठचा सखल पट्टा बांधकामाविना मोकळा सोडा.

– एक भातउत्पादक, वडगाव, बेळगाव