हॉस्टेलचा फॉर्म भरू नकोस

नाशिक, रविवार

प्रिय वैशू,

आधी एवढंच ऐक: ओंकारला पाठवायला म्हणून हॉस्टेलचा फॉर्म भरू नकोस.

ओंकारच्या कंपासपेटीतला तो पेनड्राइव्ह म्हणजे आंब्याच्या वासाचं व्हेप, ई-सिगारेट, हे कळल्यावर तुझा जीव किती उडाला असेल! 2019 पासून देशात ते विकायला, साठवायलाही बंदी आहे. पण आमच्या शाळेतल्या पोरांना कुठे मिळतं ते तोंडपाठ.

तू विचारतेस, एवढ्या मायेनं सांभाळलं, तरी का? अगं, तुझ्याकडे तो आला बाराव्या वर्षी. त्याआधी रोज रात्री जिन्यावर बापाची, म्हणजे तुझ्या दादाची, पावलं ऐकत जागा असायचा. अजून कुणी दार आपटलं की दचकतो, हे दिवाळीत तूच म्हणालीस. अमेरिकेत सॅन दिएगोला फेलिट्टी आणि आंडा या डॉक्टरांनी हजारो मोठ्या माणसांकडून लहानपणीची मारहाण, घरातली दारू यांची माहिती भरून घेतली. 1998 साली त्यांनी दाखवलं, की असे अनुभव जितके जास्त, तितके सिगारेट ओढणारेही जास्त. झुरका घेतला की निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, जीव थाऱ्यावर आल्यासारखा वाटतो. उतरलं की चिडचिड, मग पुन्हा झुरका. मित्रांत ओढला असता तर मी एवढी घाबरले नसते. रात्री एकटा ओढतो म्हणालीस, तिथेच माझं मन अडकलंय.

दप्तरं मीही तपासलीत. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीला सगळ्या वर्गादेखत उभं केलं. तिचं व्हेप सुटलं की नाही, देव जाणे. माझ्याशी बोलणं मात्र सुटलं. अजून सलतं ते.

त्याला ‘कुणी दिलं?’ हे नंतर विचार. आधी विचार, ‘कधी ओढावंसं वाटतं?’ गप्प बसला तर बसू दे, तूही बस शेजारी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फ्रिजवर लावून ठेव. फुकट आहे, रात्रीबेरात्रीही उचलतात. समुपदेशकाकडे न्यायचं तर त्याला विचारून ने.

आणि सई? तीही त्याच घरातून आलीय, पण तुझ्या चार पानांत तिच्याबद्दल एक ओळ. सहावीतली पोर इतकी शहाण्यासारखी वागते, याचीच मला धास्ती वाटते. तिनं अजून कशाला हात लावलेला नाही, तर आत्ताच रोज झोपताना दहा मिनिटं तिच्यापाशी बस. अभ्यासाचं काढू नकोस. आणि ओंकारवर ओरडायचंच झालं, तर निदान ती घरात असताना नको.

शनिवारी येतेय. ओंकारला सांग, मावशी झडती घ्यायला येत नाहीये, कॅरम काढून ठेव.

तुझी,
मंजू